मोहोळाला राजा नसतो : मधमाश्यांची भाषा माणसाला कशी उमगली

१/
बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेस उमापूर हे गाव आहे. मराठवाड्यातील अशा गावांत उंच वडा-पिंपळाच्या फांदीखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या बुडाशी काळसर पडद्यासारखे आग्या मोहोळ लटकलेले दिसते. माणसे त्याला वळसा घालून जातात. त्या पडद्यावर मात्र दिवसभर पत्ते सांगितले जात असतात : फुलोरा कोणत्या दिशेला, किती लांब, किती चांगला. हे पत्ते वाचायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. त्या वाचनाचा हा इतिहास. (धागा)

२/
प्रथम ओळख. मराठी मुलखात मधमाशीच्या तीन देशी जाती परिचित आहेत. आग्या सर्वांत मोठी. ती उघड्यावर एकच भले मोठे पोळे बांधते. फुलोरी सर्वांत लहान. तिचे तळहाताएवढे पोळे झुडपाच्या फांदीला असते. सातेरी ढोलीच्या अंधारात राहते आणि एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते. म्हणूनच ती लाकडी पेटीत नांदू शकते. सह्याद्रीत ती विशेष आढळते. चौथी मेलिफेरा ही मूळची युरोप-आफ्रिकेकडची, बाहेरून आणलेली. या चार जाती पुढे पुन्हा भेटतील.

३/
उमापूरच्या पश्चिमेला, शेवगावच्या पलीकडे नेवासे आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या पहिल्याच अध्यायात कोरडे लाकूड पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकून पडणारा भ्रमर येतो. लाकूड पोखरणारा हा जीव म्हणजे भुंगा. तो मोहोळ करून राहत नाही. मधमाशीनेही मराठीला एक शब्द दिला आहे : माधुकरी. फुलाला धक्का न लावता थोडे थोडे गोळा करावे, तशी घरोघरची भिक्षा. फुलावरची माशी आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिली होती. पोळ्यातली माशी मात्र दिसत नव्हती.

४/
जे दिसत नाही तिथे माणूस स्वतःचे जग कल्पितो. प्रश्नोपनिषदाच्या दुसऱ्या प्रश्नात प्राणाचे श्रेष्ठत्व सांगताना मधमाश्यांचा दृष्टान्त आहे : त्यांचा राजा उठला की सगळ्या उठतात, तो बसला की सगळ्या बसतात. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही मोहोळातील मोठ्या माशीला राजाच म्हटले. दोन दूरच्या संस्कृतींनी एकच चूक केली, कारण दोघींच्या डोळ्यांपुढे राज्याचा एकच नमुना होता.

५/
मधाचे ज्ञान मात्र पुढे गेले होते. सुश्रुतसंहितेत मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक ही त्यांतील काही नावे. मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरांतील शैलचित्रांत तर पोळ्यातून मध काढणारी माणसे रंगवलेली आहेत. म्हणजे मध कसा मिळवावा आणि कोणता मध कसा असतो, हे ठाऊक होते. तो मध जमवणाऱ्या हजारो जीवांचे काम कोण ठरवतो, हा प्रश्न राजाच्या एका शब्दाने मिटवला गेला होता.

६/
तो शब्द पहिल्यांदा युरोपात डळमळला. १५८६ मध्ये स्पेनच्या लुईस मेंदेस दे तोरेस यांनी लिहिले की, ही मोठी माशी मादी आहे आणि अंडी तीच घालते. १६०९ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स बटलर यांनी मोहोळाला स्त्रीराज्य ठरवणारे पुस्तक काढले. त्याच शतकात डच संशोधक यान स्वामरडॅम यांनी सूक्ष्मदर्शकाखाली 'राजा'चे विच्छेदन करून त्याच्या पोटातील अंडाशय दाखवले. राजाची राणी झाली. 'राज्य' मात्र अजून शाबूत होते.

७/
त्या राज्याला खरा तडा एका अंध माणसाने दिला. जिनिव्हाचे फ्रान्स्वा ह्यूबर (जन्म १७५०) तरुणपणीच दृष्टी गमावून बसले. त्यांचा सेवक फ्रान्स्वा ब्युर्नां त्यांचे डोळे झाला. ह्यूबरांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी तयार केली. एकेक पान उलटावे तसे एकेक पोळे पाहता येई. ब्युर्नां पाहून सांगे, ह्यूबर प्रश्न विचारत, पुढचा प्रयोग ठरत असे. १७९२ मध्ये त्यांचे निरीक्षणांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

८/
ह्यूबरांनी दाखवून दिले की, राणीचे मीलन पोळ्याबाहेर, उडत असताना होते. राणी नाहीशी झाली तर कामकरी माश्या साध्या अळीपासून नवी राणी घडवतात, ही शिराख यांनी आधी मांडलेली गोष्टही त्यांनी पक्की केली. कामकरी आणि राणी दोघीही एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मतात. फरक पडतो तो मुख्यतः अळीला मिळणाऱ्या खुराकाने. म्हणजे प्रजा राणीमुळे नव्हे, तर राणी प्रजेमुळे घडते.

९/
मग राणी करते काय? ती अंडी घालते आणि तिच्या अंगाचा गंध मोहोळभर पसरतो. या गंधातील प्रमुख द्रव्याची ओळख १९६० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांनी पटवली. राणीभोवतीच्या माश्या तिला चाटतात आणि तो गंध एकीकडून दुसरीकडे जातो. तो दरवळत असेपर्यंत माश्या नवी राणी वाढवत नाहीत. तो क्षीण झाला की काही तासांतच हालचाल सुरू होते. हा हुकूम नव्हे. 'राणी आहे' एवढीच ती वार्ता.

१०/
कामाची वाटणीही कोणी करून देत नाही. कामकरी माशी आधी घरे स्वच्छ करते, मग अळ्यांना भरवते, मग मेण पाडून पोळे बांधते आणि अखेर बाहेर पडून मकरंद-पराग आणते. वयाबरोबर कामे बदलतात. गरज पडल्यास हा क्रम मागेपुढेही होतो. मार्टिन लिंडाउअर या संशोधकाने एकाच माशीचा शंभराहून अधिक तास पाठलाग केला. तिचा निम्म्याहून अधिक वेळ पोळ्यावर फिरण्यात आणि नुसते बसण्यात गेला. कुठे काय कमी आहे, हे ती फिरता फिरता हुडकत होती.

११/
आता मुख्य प्रश्न. एका माशीला फुलोरा सापडला की थोड्याच वेळात तिथे तिच्या अनेक भगिनी कशा पोचतात? परतलेल्या माशीच्या मागे तीन-चार जणी लागतात, असे ॲरिस्टॉटलनेही नोंदवले होते. १७८८ मध्ये अर्न्स्ट स्पिट्झनर या जर्मन पाद्र्याने पोळ्यावरच्या माशीचा नाच पाहून तो बातमीचा प्रकार असावा, असे लिहिले. कोणी लक्ष दिले नाही. पुढची सव्वाशे वर्षे ती नोंद पडून राहिली.

१२/
कार्ल फॉन फ्रिश यांचा जन्म १८८६ मध्ये व्हिएन्नात झाला. मधमाश्यांना रंग कळत नाहीत, असे त्या काळचे एक नामांकित नेत्रतज्ज्ञ ठासून सांगत. फुले मग कोणासाठी रंगीत झाली, हा फ्रिश यांचा प्रश्न होता. त्यांनी राखाडी रंगाच्या अनेक छटांच्या कागदांत एक निळा कागद ठेवला आणि त्यावर साखरपाणी देऊन माश्यांना सवय लावली. नंतर रिकाम्या निळ्या कागदावरही माश्या अचूक उतरू लागल्या. १९१४ चा हा निकाल त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवून गेला.

१३/
१९१९ मध्ये त्यांनी काचेच्या पेटीत परतलेली एक माशी गोल गोल फिरताना पाहिली. भोवतालच्या माश्या उत्तेजित होऊन बाहेर उडाल्या. १९२३ मध्ये त्यांनी मधमाश्यांच्या 'भाषे'वर ग्रंथ लिहिला. त्यात दोन नाच वर्णिले होते : एक साधे वर्तुळ आणि दुसरे पोट डावी-उजवीकडे हलवत केलेले डोलनृत्य. पहिले मकरंदाचे, दुसरे परागाचे, असा अर्थ त्यांनी लावला. तो अर्थ चुकीचा होता. जगाने मात्र तो वीस वर्षे मानला.

१४/
१९४१ मध्ये नाझी राजवटीने फ्रिश यांच्या आईकडील पूर्वजांत ज्यू असल्याचे कारण काढून त्यांना म्युनिकच्या अध्यापकपदावरून हटवण्याचे ठरवले. त्याच सुमारास नोसेमा नावाच्या आतड्याच्या रोगाने जर्मनीतील मधमाश्यांच्या लाखो वसाहती मरत होत्या. परागीकरण थांबले तर युद्धकाळात अन्न कमी पडणार होते. या रोगावर काम करायला फ्रिश हवे होते. त्यांची हकालपट्टी युद्ध संपेपर्यंत लांबणीवर पडली आणि संशोधन चालू राहिले.

१५/
१९४४ च्या उन्हाळ्यात, म्युनिकवर बॉम्ब पडत असताना, फ्रिश ऑस्ट्रियातील ब्रुनविंकल या आपल्या कौटुंबिक ठिकाणी प्रयोग करत होते. साखरपाण्याची बशी त्यांनी यावेळी बरीच दूर ठेवली. तेव्हा मकरंद आणणाऱ्या माश्याही डोलनृत्य करू लागल्या. फरक मकरंद-परागाचा नव्हताच. तो अंतराचा होता. जवळच्या अन्नासाठी वर्तुळ, दूरच्या अन्नासाठी डोल. फ्रिश यांनी स्वतःचा जुना सिद्धान्त स्वतःच मोडला. पुढच्याच वर्षी त्यांना नाचातली दिशाही वाचता आली.

१६/
ती दिशा उमापूरच्या रानात अशी वाचता येईल. हिवाळ्याची सकाळ आहे, सूर्य पूर्वेकडे आहे आणि बहरलेली तूर मोहोळाच्या दक्षिणेला आहे. पूर्वेला तोंड केले तर दक्षिण उजव्या हाताला, काटकोनात येते. उभ्या पोळ्यावर 'वर' म्हणजे सूर्याची दिशा. म्हणून माशी उभ्या रेषेपासून उजवीकडे काटकोनात, म्हणजे आडवी धावत पोट हलवते, अर्धवर्तुळ घेऊन मूळ जागी येते आणि पुन्हा तशीच धावते. पुढच्या खेपेचे अर्धवर्तुळ ती दुसऱ्या बाजूने घेते.

१७/
दुपारी सूर्य दक्षिणेला आला की त्याच तुरीसाठी माशी सरळ वर धावते. शेत तेच, सूर्य हलला, म्हणून नाच वळला. डोल किती वेळ चालतो, त्यावर अंतर ठरते. युरोपीय माशीत साधारण एका सेकंदाला एक किलोमीटर. अन्न जितके चांगले, तितक्या फेऱ्या अधिक. फुलाचा वास नाचणारीच्या अंगाला असतोच. अशा रीतीने पत्ता, अंतर आणि वानगी, तिन्ही गोष्टी एकाच वेळी पोचतात. या कामासाठी फ्रिश यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक लॉरेंझ आणि टिनबर्गन यांच्यासमवेत मिळाले.

१८/
दहाव्या भागात आलेले लिंडाउअर हे फ्रिश यांचेच शिष्य. रशियाच्या आघाडीवर जखमी होऊन परतलेला हा तरुण एका डॉक्टरच्या सल्ल्याने फ्रिश यांच्या व्याख्यानाला गेला आणि तिथलाच झाला. युद्धानंतर त्यांनी झुडपाला लटकलेल्या एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या पाहिल्या. त्यांच्या अंगाला पराग नव्हता. कोणाला धुरांड्याची काजळी लागली होती, कोणाला विटांची लाल भुकटी. त्या उद्ध्वस्त म्युनिकमध्ये घर शोधून आल्या होत्या.

१९/
लिंडाउअर यांनी प्रत्येक नाचाचा पत्ता टिपला. आरंभी थव्यावर अनेक जागांची शिफारस चाले. चांगल्या जागेचा नाच अधिक वेळ टिके, त्या जागा पाहायला अधिक माश्या जात आणि परतून तोच नाच करत. हळूहळू एकच पत्ता उरे आणि मग सारा थवा उडे. राणी या चर्चेत कुठेच नसते. पुढे अमेरिकेच्या थॉमस सीली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की, दुसऱ्या जागेच्या समर्थक माश्या नाचणारीला डोक्याने ढुशी देऊन थांबवतात. प्रश्नोपनिषदातल्या त्या 'राजा'च्या उठण्याचे हे खरे रूप.

२०/
एक कोडे उरले होते. युरोपीय माशी ढोलीच्या अंधारात नाचते आणि सूर्याचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत बदलून सांगते. इतका अवघड व्यवहार एकदम उगवला नसणार. त्याचे साधे रूप कुठेतरी असायला हवे. युरोपात मधमाशीची एकच जात असल्याने तिथे तुलनेला काही नव्हते. बाकीच्या जाती आशियात होत्या. म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यास लिंडाउअर श्रीलंकेला आले. तिथे त्यांच्यापुढे त्याच तीन जाती होत्या, ज्या मराठी माणूस आग्या, फुलोरी आणि सातेरी म्हणून ओळखतो.

२१/
फुलोरीच्या पोळ्याचा वरचा भाग फांदीभोवती सपाट ओट्यासारखा असतो. ती मुख्यतः तिथे, उघड्या आकाशाखाली नाचते आणि थेट फुलांच्याच दिशेला धावते. तूर दक्षिणेला, तर धावही दक्षिणेला, भाषांतर नाहीच. आग्या आकाश दिसेल अशा जागी, पण उभ्या पडद्यावर नाचते. सातेरी युरोपीय माशीसारखी पूर्ण अंधारात. बोट दाखवण्यापासून खुणेच्या भाषेपर्यंतच्या पायऱ्या लिंडाउअर यांना या तीन जातींत दिसल्या. फुलोरीचे घराणे इतर जातींपासून फार पूर्वी वेगळे झाले, हे पुढे जनुकीय अभ्यासांतही दिसून आले.

२२/
शंका घेणारेही होते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ॲड्रियन वेनर यांनी विचारले : नाच असेल, पण माश्या खरोखर तो वाचतात की केवळ वासावर जातात? हा वाद अनेक वर्षे चालला आणि त्यातून प्रयोग अधिक काटेकोर झाले. २००५ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी नाच पाहिलेल्या माश्यांच्या पाठीवर चिमुकले ॲन्टेना चिकटवून रडारने त्यांची वाट टिपली. काही माश्या मुद्दाम दुसऱ्या जागेवरून सोडल्या. त्या तिथूनही नाचात सांगितलेल्याच दिशेने आणि अंतरावर गेल्या.

२३/
पुढची पाने भारतीयांशी जोडलेली आहेत. बंगळुरूत शिकलेले मंद्यम श्रीनिवासन यांनी ऑस्ट्रेलियात माश्यांना नक्षीदार भिंतींच्या अरुंद बोगद्यातून उडवले. डोळ्यांपुढून नक्षी झपाट्याने सरकल्यामुळे माश्यांनी नाचात प्रत्यक्षाच्या कितीतरी पट अंतर सांगितले. म्हणजे माशी अंतर मोजते ते मागे सरकणाऱ्या दृश्यावरून. २०२० मध्ये बंगळुरूतल्याच अभ्यासात आग्या, फुलोरी आणि सातेरी यांच्या नाचांची एकाच परिसरात तुलना झाली. जवळपासच चरणाऱ्या सातेरीचा डोल त्याच अंतराला लांब भरतो, दूरवर जाणाऱ्या आग्याचा आखूड. प्रत्येक जातीची बोली तिच्या मुलखाच्या मापाची आहे.

२४/
आग्याकडे बोलण्याचे आणखी दोन प्रकार आहेत. गांधीलमाशी जवळ आली की हजारो माश्या क्रमाने पोट उचलतात आणि पडद्यावरून लाट धावते. या लाटांनी शत्रू मागे सरतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. दुसरा प्रकार गंधाचा. डंख कातडीत रुतून राहतो आणि त्यातून धोक्याचा वास सुटतो. त्यातले एक द्रव्य पिकल्या केळ्यासारखे वासाचे. तो वास इतरांना बोलावतो. अजिंठ्याच्या कड्यांवर किंवा गावच्या वडाखाली एका डंखाचे शंभर होतात, ते यामुळे. 'आग्या मोहोळ उठवणे' या वाक्प्रचारामागे हे रसायन आहे.

२५/
महाराष्ट्रात मधमाशीपालनाचे संघटित काम महाबळेश्वरला १९४६ पासून आणि संशोधन पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत १९६२ पासून सुरू झाले. सातेरी पेटीत आली. उघड्यावर राहणारी आग्या आली नाही. ती ऋतूप्रमाणे स्थलांतर करते. आसाममधील आग्या मोहोळांच्या जनुकीय तपासणीतून २००० मध्ये सिद्ध झाले की, काही महिन्यांनी परतणारी मोहोळे पूर्वीच्याच जागी येतात. रात्री पेटते टेंभे लावून मोहोळ जाळले जाते, तेव्हा मधाबरोबर त्या फांदीकडे परतणारे कुळही जाते.

२६/
अधिक निःशब्द धोका फवाऱ्याचा आहे. इमिडाक्लोप्रिड हे कापसावर परिचित असलेले कीटकनाशक. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जीव न घेणाऱ्या अल्प मात्रेनेही मेलिफेरा माश्यांचे डोलनृत्य लक्षणीय कमी झाले. त्याआधी, २००४ च्या एका अभ्यासात नाचातील दिशा मुद्दाम बिघडवून पाहिली होती. युरोपातील ठिकाणी मोहोळांचे फारसे अडले नाही; भारतातील उष्ण प्रदेशीय जंगलात मात्र अन्न मिळवणे बरेच घटले. जिथे फुलोरा विखुरलेला आणि थोड्या दिवसांचा असतो, तिथे पत्ता सांगता येणे हेच जगण्याचे साधन ठरते.

२७/
कापूस-तुरीच्या मुलखासाठी यातून दोन साध्या गोष्टी निघतात. फुलोऱ्याच्या दिवसांत शक्यतो फवारणी टाळावी आणि करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी. मध काढताना पोळे जाळू नये. मधाचाच भाग कापावा, अंडी-अळ्यांचा ठेवावा. राजा मेला की राज्य बुडते, असे जुन्या लोकांना वाटे. मोहोळाचे तसे नाही. राणी गेली तर माश्या दुसरी घडवतात. माश्यांचे आपसांतले बोलणे थांबले, तर मात्र राणी जिवंत असूनही मोहोळ उपाशी राहते. (समाप्त)